चटईभर जागा

बीडीडी चाळीतली आमची खोली रिकामी करायच्या दिवशी मी खिशात मोजपट्टी घेऊन वरळीला गेलो होतो. सामान सकाळीच टेम्पोत चढलं होतं. कपाट जिथे वर्षानुवर्षं उभं होतं तेवढ्या भिंतीवर जुना हिरवा ऑइलपेंट अजून ताजा होता, बाकीची भिंत धुरानं आणि हातांनी काळवंडलेली. भाऊ म्हणाला, "दादा, आता काय मोजतोस? कागदावर आकडा आहेच." तरी त्यानं मोजपट्टीचं दुसरं टोक धरलं. लांबी सोळा फूट, रुंदी दहा फूट. मोरी, ओटा, ट्रंका, दार उघडायला लागणारी जागा, सगळं त्यातच.

या १६० चौरस फुटांत आम्ही नऊ माणसं राहत होतो. आजी, आई-बाबा, काका-काकू, आम्ही तीन भावंडं आणि गावाहून, संगमेश्वर तालुक्यातून, नोकरीसाठी आलेला मामेभाऊ. रात्री कोणी कुठे झोपायचं हे ठरलेलं होतं. आजी मोरीजवळ, कारण तिला उठावं लागायचं. आई आणि काकू ओट्याला डोकं करून. आम्ही तिघं कपाटाकडे पाय करून आडवे, मी मधे. बाबा मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, काकाही मिलमध्येच, आणि दोघांच्या पाळ्या वेगळ्या होत्या. काका रात्रपाळीला गेले की त्यांची चटई मामेभावाला. बाबा दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री घरी येत, तेव्हा त्यांना पाय ठेवायला जागा लागे म्हणून दारापासून ओट्यापर्यंत एक वाट मोकळी सोडलेली असायची. ज्या रात्री दोघंही घरी असत, त्या रात्री बाबा आणि मामेभाऊ बाहेर पॅसेजमध्ये झोपत. आमची खोली नऊ माणसांना पुरत होती ती मिलच्या भोंग्यामुळे. तीन पाळ्या होत्या म्हणून एका चटईवर दोन माणसं झोपू शकत.

मोजून झाल्यावर मी मोबाइलवर भागाकार केला. १६० भागिले ९, म्हणजे माणशी पावणेअठरा चौरस फूट. आमच्याकडे होत्या त्या चटया सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. म्हणजे अठरा. एका माणसाच्या वाट्याला एक चटईसुद्धा पुरती येत नव्हती, आणि हे मोरी-ओटा वगळायच्या आधीचं गणित.

भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते सांगणाऱ्या एफएसआयला सरकारी मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात. इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द शोधणाऱ्या कुणा अधिकाऱ्यानं तो घडवला असेल. पण वर्तमानपत्रात हा शब्द दिसला की माझ्या डोळ्यांपुढे आजही खरी चटई येते. कडेची शिवण उसवलेली, सकाळी गुंडाळून दारामागे उभी केलेली. मुंबईतल्या घरांचा सगळा हिशेब शेवटी तिथेच येतो असं मला वाटतं. जमीन किती, तिच्यावर मजले किती, भाव काय, हे सगळं मोजून झाल्यावर एका माणसाच्या अंगाखाली किती जागा आली?

बीडीडी चाळी ज्यांनी पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीत माणसं पटापट मेली. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरण्या वाढत होत्या, कामगार येतच होते, आणि राहायला जागा नव्हती. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झालं, आणि या खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून चाळींना बीडीडी नाव पडलं. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मधून जाणारा लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, एका मजल्यावर वीस, एका चाळीत ऐंशी. संडास सार्वजनिक.

आता हा हिशेब बघा. १२१ चाळी, प्रत्येकी ८० खोल्या, म्हणजे साडेनऊ हजारांहून जास्त खोल्या. वरळीची ही जागा सुमारे ६० एकर, त्यात जांबोरी मैदानही आलं. खोलीमागे नऊ माणसं धरू नका, पाचच धरा. एकरी आठशे माणसं होतात. आणि चौथ्या मजल्याची एकही इमारत नाही.

हे मी मुद्दाम सांगतो. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुनर्विकासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "टॉवर झाले की गर्दी वाढणार." पाणी, गटार, गाड्या लावायची जागा यांची काळजी खरी आहे, तिला मी नाकारत नाही. पण उंच इमारत म्हणजे दाट वस्ती हे समीकरण मी राहिलो त्या जागेनं लहानपणीच खोटं ठरवलं होतं. मुंबईतल्या सगळ्यात दाट वस्त्या बुटक्या आहेत. धारावीत एकावर एक रचलेल्या एक-दोन मजली खोल्या आहेत. दाटी ठरते ती एका खोलीत किती माणसं निजतात यावर.

जनगणनेचे आकडे तर याहून बोलके आहेत. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे ३२ लाख ८५ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजार झाली. मधल्या तीस वर्षांत परळ, लालबाग, वरळी, लोअर परळ इथे किती मजले चढले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मिलच्या चिमण्या गेल्या आणि त्यांच्या कितीतरी पट उंचीच्या इमारती आल्या. मजले वाढले आणि माणसं दोन लाखांनी कमी झाली. त्याच काळात उपनगरांची वस्ती ५० लाखांच्या आसपास होती ती ९३ लाखांच्या पुढे गेली, आणि ठाणे जिल्हा २०११ मध्ये एक कोटी दहा लाखांवर पोहोचून देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. आमच्या चाळीतली जी कुटुंबं गेली ती याच आकड्यात कुठेतरी आहेत. माझंही त्यातच आहे.

जिथे पूर्वी नऊ माणसांना एक खोली होती, तिथे नव्या इमारतीत चार माणसांना दोन हजार चौरस फूट आले. एवढी जागा परवडणारं कुटुंब आलं आणि न परवडणारी दहा कुटुंबं बाहेर गेली. काही घरांत तर कोणीच आलं नाही. चाळीच्या गच्चीवरून रात्री समोरचे टॉवर दिसायचे आणि माझी पुतणी लहान असताना त्यातल्या दिवे लागलेल्या खिडक्या मोजायची. अंधाऱ्या मोजणं तिला जमायचं नाही, फार होत्या. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी नोंदली गेली. त्याच जनगणनेत शहराची चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहत होती.

मग चटई एवढी आखूड का झाली? माझ्या समजुतीप्रमाणे यात एक कारण असं आहे की गर्दी रोखण्यासाठी केलेल्या उपायानंच ती घरात कोंडली. १९६४ च्या विकास नियंत्रण नियमांपासून मुंबईत एफएसआय आला, आणि १९९१ च्या नियमावलीत शहर भागाला १.३३ आणि उपनगरांना १ असा ठरला. म्हणजे हजार चौरस फुटांच्या भूखंडावर सगळे मजले मिळून शहरात १,३३० चौरस फूट बांधायचे, उपनगरात हजार. हेतू सरळ होता. बांधकाम कमी ठेवलं की माणसं कमी येतील. पण माणसं घर बघून मुंबईत येत नव्हती, काम बघून येत होती. ती आलीच. बांधकाम मात्र ठरल्याएवढंच राहिलं. थोडी जागा आणि खूप माणसं, त्यामुळे चौरस फुटाचा भाव चढला. भाव चढला तसं ज्याच्याकडे पैसे होते त्यानं जागा घेतली आणि ज्याच्याकडे नव्हते त्यानं अंग चोरलं, नाहीतर नाल्याच्या काठी पत्रे ठोकले. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा आला तोही गरिबांसाठी जमीन मोकळी करण्याच्या उद्देशानं. प्रत्यक्षात मोठमोठ्या जमिनी कज्ज्यांत आणि सवलतींत अडकून पडल्या. महाराष्ट्रानं तो रद्द केला २००७ मध्ये.

याची दुसरी बाजू शिरीष पटेल यांनी सतत मांडली. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर साठच्या दशकात नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक. त्यांचं म्हणणं असं की नुसता एफएसआयचा आकडा काहीच सांगत नाही. श्रीमंत वस्तीत माणसाला घरात भरपूर जागा असते, त्यामुळे तिथे जास्त एफएसआय दिला तरी रस्त्यावर माणसं मोजकीच उतरतात. गरीब वस्तीत घरातली जागाच एवढीशी असते की तोच एफएसआय तिथे दिला तर रस्ता, शाळा, मैदान यांच्यावर कित्येक पट माणसं येतात. घरातली दाटी आणि रस्त्यावरची दाटी एकत्र बघावी लागते. हे वाचलं तेव्हा मला आमचा पॅसेज आठवला. पॅसेज, जिना, जांबोरी मैदान आणि समोरचा रस्ता हे आमच्या घराचेच भाग होते. अभ्यास जिन्यावर, पापड गच्चीवर, पाहुणे पॅसेजमध्ये, लग्नं मैदानात. खोलीचं जे उणं होतं ते बाहेरच्या जागेनं भरून काढलं. ती बाहेरची जागा नसती तर आम्ही वेडे झालो असतो.

चाळीच्या आठवणी लोक फार गोड करून सांगतात, त्याचं मला वाईट वाटतं. शेजार होता, माया होती, अडीअडचणीला दहा हात धावून येत होते, हे खरंच आहे. पण माझी बहीण दहावीचा अभ्यास जिन्याच्या दिव्याखाली करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी प्रत्येक वेळी पाय आखडून घ्यायची. काकूला कपडे बदलायला सगळे पुरुष बाहेर जाण्याची वाट बघावी लागायची. काका-काकूंना मूल झालं नाही, आणि त्यावरून चाळीत काकूला जे बोललं जायचं ते मी लहान असूनही ऐकलेलं आहे. त्या खोलीत नवरा-बायकोला एकमेकांशी दोन शब्द बोलायलाही आडोसा नव्हता, हे कोणी मनात आणलं नाही.

गिरगावात माझी आत्या राहायची, खासगी मालकाच्या चाळीत. तिचं भाडं अठरा रुपये काही पैसे होतं, आणि मी नोकरीला लागलो तेव्हाही ते तेवढंच होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली होती. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर काढू नये म्हणून केलेला कायदा, आणि त्या घडीला तो गरजेचाही होता. पण पुढे त्याची मुदत वर्षानुवर्षं वाढत राहिली. अठरा रुपयांत मालक छप्पर कुठून दुरुस्त करणार? आत्याच्या गॅलरीला लाकडी टेकू लावले होते, पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांना गॅलरीत खेळू देत नसत. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ झालं, अशा जुन्या इमारतींना उपकर लागला आणि दुरुस्तीचं काम सरकारकडे आलं. तेही पुरं पडलं नाही.

स्वस्त भाड्यामुळेही दाटी होते हे मी आत्याच्या घरी पाहिलं. तिला तीन मुलगे. थोरल्याचं लग्न झालं तेव्हा खोलीत प्लायवूडचा आडोसा आला. मधल्याचं झालं तेव्हा पोटमाळा झाला, त्यावर फक्त बसता येत होतं. धाकट्यासाठी जागाच उरली नाही. बाहेर पडावं तर बाजारात खोलीची पागडी ऐकून आत्येभाऊ गप्प व्हायचे. अठरा रुपये आणि काही लाख यांच्या मधे चढायला पायरीच नव्हती. जो आत होता तो आत अडकला, जो बाहेर होता तो बाहेरच राहिला, आणि ज्यांनी नवी भाड्याची घरं बांधली असती त्यांनी बांधणं सोडून दिलं. या शहरात भाड्याचं साधं, नेटकं, कष्टकऱ्याला परवडणारं घर नाहीसं झालं ते तेव्हापासून, आणि ते परत आणण्याचा मनापासून प्रयत्न कोणी केला असं मला दिसत नाही. सगळं लक्ष मालकीच्या घरावर. एकविसाव्या वर्षी मुंबईत नोकरीला येणाऱ्या मुलीला मालकीचं घर नको असतं. तिला पाच वर्षांसाठी एक खिडकी आणि आतून लागणारी कडी हवी असते. शेवटी आत्याचा धाकटा विरारला गेला, मधला बदलापूरला. आत्या मात्र मरेपर्यंत टेकूच्या आधारानं तिथेच राहिली.

आमच्या घराची वाट संपानं बदलली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बाबा परत मिलमध्ये गेले नाहीत. काका-काकू गावाला गेले आणि तिथेच राहिले. मामेभाऊ रिक्षा चालवायला ठाण्याला गेला. खोलीत अचानक सहाच माणसं उरली, आणि मला आठवतं, पहिल्या रात्री हातपाय पसरता आले तरी झोप आली नाही. मिलच्या जमिनी मिळून सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमात त्यांचे तीन वाटे ठरले होते, एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया समितीनं सगळ्या जमिनींचा एकत्र आराखडा करावा असं सांगितलं. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली, बांधकाम असलेली जमीन हिशेबातून गेली. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. शहराच्या मधोमध, रेल्वेच्या दोन मार्गांच्या मधे, लाखो माणसांना पुरेशा चटया देणारी जमीन एकदाच मोकळी झाली होती. तशी संधी या शहराला परत येणार नाही. गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये, तीही २२५ चौरस फुटांच्या घरांची. पुढे काहींच्या नशिबी पनवेलजवळचं कोन आलं. तिथे भाड्यानं देण्यासाठी बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून एक घर केलेलं. बीडीडीच्या खोलीचा तोच आकडा नव्वद वर्षांनी परत वाचताना मला कसंसंच झालं.

मी स्वतः २००३ मध्ये डोंबिवलीला आलो. हप्ता किती झेपेल ते पगारावर ठरलेलं होतं, भाव बाजारानं ठरवलेला होता. आमच्या हातात ठरवायला दोनच गोष्टी होत्या, घर किती लहान आणि किती लांब. दादरला त्या पैशात मोरी आली असती. ठाण्यात एक खोली. डोंबिवलीत पश्चिमेला, स्टेशनपासून पंचवीस मिनिटं चालत, वन बीएचके मिळाला. कागदावर ५८० चौरस फूट सुपर बिल्ट-अप. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, आत कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा, चारशे दहा भरेल. ताबा मिळाल्यावर मी याच मोजपट्टीनं मोजलं, ३८४. उरलेले दोनशे चौरस फूट जिना, लिफ्ट, भिंतींची जाडी आणि गच्चीवरची टाकी यांत वाटलेले होते, आणि त्यांचेही पैसे मी भरत होतो. बिल्डरांवर देखरेख ठेवणारं महारेरा आल्यावर, म्हणजे मे २०१७ पासून, कार्पेटवरच व्यवहार करावा लागतो, हा मोठा दिलासा आहे. आमच्या वेळी तो नव्हता.

तरी ३८४ मध्ये आम्ही चौघं. माणशी ९६ चौरस फूट, पाच चटयांहून जास्त. पहिल्या रात्री बायकोनं बेडरूमचं दार लावलं, उघडलं, परत लावलं. तिचंही लहानपण लालबागच्या एका खोलीत गेलेलं. आम्ही दोघांनी त्या दारासाठी वीस वर्षं हप्ते भरले, आणि त्या दाराबद्दल मला एक पैशाचीही खंत नाही.

किंमत दुसरीकडे भरली. रेल्वेच्या भाषेत गर्दीच्या वेळच्या लोकलला एक मोजमाप आहे, एका चौरस मीटरमध्ये उभी चौदा ते सोळा माणसं. चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. भागाकार केला तर माणशी पाऊण चौरस फूट निघतो. घरात मी शहाण्णव चौरस फुटांचा धनी झालो, आणि रोज जाऊन-येऊन अडीच तास पाऊण चौरस फुटावर उभा राहिलो. दोन्ही एकाच घराची किंमत होती. भावाची खोली वरळीत होती, तो चालत कामाला जायचा आणि संध्याकाळी साडेसहाला मुलीचा अभ्यास घ्यायचा. माझी मुलं झोपल्यावर मी घरी पोहोचायचो. आमच्या दोघांपैकी मोठ्या घरात कोण राहिलं, हा प्रश्न मला अनेकदा पडला आहे.

म्हणून पालिकेच्या आणि सरकारच्या प्रत्येक आराखड्यात मला एक रकाना हवा आहे, माणशी किती चौरस फूट, आणि त्याच्या शेजारी दुसरा, कामाच्या जागेपासून किती मिनिटं. सध्या घरं मोजतात. इतकी लाख घरं बांधली, इतक्या हजार घरांची सोडत. घर केवढं आणि कुठे, हे बारीक अक्षरात.

सरकारच्या मनातलं गरिबाचं घर कसं हळूहळू वाढत गेलं ते बघण्यासारखं आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत नव्वदच्या दशकात २२५ चौरस फूट, २००८ पासून २६९. हा विचित्र आकडा २५ चौरस मीटरवरून आलेला. मग २०१८ मध्ये ३००. प्रत्येक वाढीसाठी माणसं भांडली, आणि प्रत्येक वाढ मला आनंदाची वाटली. पण ही घरं फुकट मिळतात ती बिल्डर शेजारी विक्रीची इमारत बांधतो म्हणून. विक्रीचा भाव जितका चढा, तितकी योजना लवकर मार्गी लागते. म्हणजे गरिबाला चटई मिळावी म्हणून शहर महाग राहायला हवं. जिथे भाव चढा नाही तिथल्या झोपड्यांकडे कोणी फिरकत नाही, आणि जिथे पुनर्वसन होतं तिथे विक्रीसाठी जास्तीत जास्त जागा सोडायची म्हणून पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहतात. गोवंडी-मानखुर्दकडे नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये दोन इमारतींमधलं अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लागतो. तिथल्या अभ्यासात ऊन-वारा न मिळणाऱ्या घरांचा आणि क्षयरोगाचा संबंध दिसून आला. प्लेगनंतर सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा ऊन-वाऱ्याशी घासाघीस करतो आहोत, याचा मला राग येतो. घर तीस चौरस फुटांनी लहान असलं तर माणूस निभावतो. ऊन नसलं तर नाही.

बाजारातल्या घरांचंही तेच. परवा मुलीसाठी ठाण्यात घर बघायला गेलो. तिचं लग्न ठरलंय, दोघं नोकरी करतात, दोघांचा मिळून पगार माझ्या तिच्या वयातल्या पगाराच्या कितीतरी पट. दाखवलं ते 'दीड बीएचके'. अर्धी खोली म्हणजे सात बाय सहाची, खिडकी डक्टमध्ये उघडणारी. घराचा आकडा हप्त्यात बसवायचा म्हणून एकेक फूट छाटत आणलेला. मुलगी त्या खोलीच्या मधोमध उभी राहिली, हात दोन्हीकडे पसरले आणि म्हणाली, "बाबा, इथे बाळाचा पाळणा बसेल. पण बाळ मोठं झाल्यावर?"

भावाची गोष्ट मात्र यावेळी चांगली झाली. बीडीडीचा पुनर्विकास म्हाडा करतंय, आणि १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचं घर. वरळीतल्या पहिल्या ५५६ चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या, त्यात भावाचीही होती. चाळीस मजली इमारत. यातही शेजारच्या विक्रीच्या टॉवरचा पैसा आहे, महिन्याचा देखभाल खर्च पुढे कसा झेपेल ही चिंता आहे, सगळं आहे. पण तीच माणसं, त्याच जागेवर, तिप्पट चटईवर झोपतायत. कोणाला विरार-बदलापूरला जावं लागलं नाही. इतके मजले चढले त्यातला मोठा भाग त्याच कुटुंबांना हातपाय पसरू देण्यात खर्ची पडला, आणि मला तो खर्च अगदी योग्य वाटतो. मजल्यांची भीती घालणाऱ्यांनी एकदा या घरातली निजलेली मुलं बघावीत.

वास्तुशांतीच्या दिवशी सगळे जमलो होतो. बहीण पुण्याहून आली होती. काकू गावाहून आली, आता अगदी वाकलेली, बेडरूमच्या दाराच्या कडीवर बराच वेळ हात ठेवून उभी होती. जेवणं झाल्यावर पुतणी म्हणाली, "काका, जुनी खोली या घरात कितीदा बसेल?" मी मोजपट्टी काढली. तिनं खडू आणला आणि हॉलच्या चकचकीत लादीवर सोळा बाय दहाचा चौकोन काढायला लागली. हॉल तेवढा लांब नव्हता, रेघ स्वयंपाकघरात शिरली. आई खुर्चीतून उठली आणि काठी टेकत त्या चौकोनात जाऊन उभी राहिली.

"मोरी इथे नव्हती. इकडे, भिंतीला." पुतणीनं पुसून परत काढली. "ओटा असा. ट्रंका इथे. इथे तुझी पणजी निजायची. इथे मी, इथे ही," काकूकडे काठी करून. "इथे हे तिघं आडवे." एकेक करून सात जागा झाल्या. लादीवर पाय ठेवायला मोकळं काही उरलं नाही.

"आणि आजोबा?" पुतणीनं विचारलं.

आईनं काठीनं दाराकडे दाखवलं. पुतणी खडू घेऊन रेघ ओढत दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. आईनं पुढे होऊन कडी काढली, आणि सव्विसाव्या मजल्याचं ते दार बाहेरच्या लॉबीत उघडलं.

"इथे," ती म्हणाली.